‘शुद्ध एंडलर’चा संच: मासे झकास, लेबल खोटं

एंडलर या छोट्या शोभेच्या माशांचा, एक नर आणि तीन माद्या असा संच मागवला होता. वर्णनात ठळक अक्षरांत ‘शुद्ध एंडलर, वाइल्ड लाइन’, म्हणजे निसर्गातून पकडलेल्या माशांचा न मिसळलेला वंश.

आधी चांगलं सांगते. पॅकिंगला नावं ठेवायला जागा नाही. दुहेरी पिशवी, पाणी कमी, ऑक्सिजन भरपूर आणि तळाचे कोपरे दुमडून टेप लावलेले. छोटे मासे त्या कोपऱ्यांतच अडकून चेंगरतात, हे ठाऊक असलेल्या माणसाचं काम. सगळे धडधाकट आले, टँकमध्ये सोडल्यावर थोड्याच वेळात खायलाही लागले.

पण नर बघताच मन खट्टू झालं. एंडलरचा नर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. अंगावर हिरवी चकाकी, नारिंगी आणि काळे पट्टे, शेपटी मधे आरपार दिसणारी आणि रंग बहुतेक वरच्या-खालच्या कडेला. याची शेपटी पंख्यासारखी पसरलेली, बुडापासून टोकापर्यंत ठिपक्यांनी भरलेली. मागच्या कुठल्या तरी पिढीत गप्पी, म्हणजे एंडलरचा टँकमध्ये सर्रास दिसणारा जवळचा नातलग, शिरलाय, दुसरं काय! एंडलर म्हणजे पोसिलिया विंगेई. व्हेनेझुएलातला हा मासा वेगळी जात म्हणून २००५ साली नोंदवला गेला, पण गप्पीशी त्याचा संकर सहज होतो आणि पिल्लंही पुढे वितात. म्हणून जाणकार ब्रीडर वर्ग सांगतात: पकडलेल्या ठिकाणापासून नोंद असेल तर एन, दिसायला एंडलर पण नोंद नाही तर पी, संकर असेल तर के. मी वर्ग विचारला. उत्तर आलं, ‘प्युअर आहे मॅडम, डोळे झाकून घ्या.’

माद्यांचं तर विचारूच नका. गप्पी आणि एंडलरच्या माद्या नुसत्या बघून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय मादी नराचं वीर्य साठवून ठेवते आणि महिनोन्महिने त्यावर पिल्लं देते. त्यामुळे नर अस्सल निघाला असता तरी पहिल्या विणीच्या बापाची खात्री नव्हतीच. त्या विणीतले नर रंगावर आले तेव्हा एक सडपातळ, आरपार शेपटीचा आणि त्याच्याच शेजारी दुसरा चक्क रुंद शेपटीचा गप्पी!

हायब्रिडशी, म्हणजे संकरित माशांशी, माझं वैर नाही. प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे शोभेचे मासे बाजारात बहुतेक एकमेकांत मिसळलेलेच असतात, आणि याच विक्रेत्याने ते ‘मिक्स’ म्हणून सरळ लिहिलेत. तिथे एवढीच काळजी घ्या: काळ्या ठिपक्यांच्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी झालेला संकर पुन्हा स्वोर्डटेलशी लावला, तर काही पिल्लांना काळ्या गाठी येतात. त्वचेचा हा कर्करोग संशोधकांना १९२०च्या दशकापासून माहीत आहे.

त्यांच्या यादीत ‘गप्पी-मॉली क्रॉस’ही आहे, म्हणजे गप्पी आणि मॉली या दुसऱ्या शोभेच्या माशाचा संकर. असा संकर क्वचितच होतो आणि झालाच तर सहसा वांझ निघतो. फोटोतला मासा मला तरी साधा मॉली वाटला, घेतला नाही.

शोभेसाठी हवे असतील तर या संचाला पाचपैकी चार. लाइन राखायची असेल तर एक, तोही पॅकिंगचा. तक्रार केल्यावर पुढच्या ऑर्डरवर सूट देतो म्हणाले. सूट नको, वर्णन बदला, असं कळवलं. अजून बदललेलं नाही.