सोशल इनोव्हेशनसाठी सरकारने काय निवडावं: बाँड, छोटी टीम की लोकांच्या हातात बजेट?

राज्य सरकारात किंवा महापालिकेत 'यंदा सोशल इनोव्हेशनसाठी, म्हणजे समाजाच्या प्रश्नांवर नवे उपाय शोधायला, काहीतरी करू' असं ठरलं की हमखास कोणीतरी सोशल इम्पॅक्ट बाँड सुचवतं. ऐकायला भारीच आहे ना, पैसा गुंतवणूकदाराचा, काम संस्थेचं आणि रिझल्ट आला तरच सरकार पैसे देणार, म्हणजे तिजोरीला तोशीस नाही.

असा पहिला बाँड 2010 मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगात सुरू झाला, कमी शिक्षेचे कैदी सुटल्यावर परत गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून. 2017 ला हिशेब लागला, तुलनेच्या गटापेक्षा (म्हणजे ही मदत न मिळालेल्या तशाच कैद्यांपेक्षा) पुन्हा गुन्हे 9% ने कमी, टार्गेट होतं 7.5%, गुंतवणूकदारांना मुद्दल व्याजासकट मिळालं. न्यूयॉर्क शहराने 2012 ला रायकर्स आयलंडच्या तुरुंगातल्या पोरांसाठी तेच करून बघितलं, गोल्डमन सॅक्स या बँकेने 96 लाख डॉलर लावायचे ठरले आणि 2015 मध्ये कळलं की काही फरकच पडला नाही, प्रोग्रॅम बंद. शहराला यशाचे पैसे द्यावे लागले नाहीत, ठीक, पण त्या 96 पैकी 72 लाखांची हमी ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या दानशूर संस्थेने घेतली होती, त्यामुळे 'जोखीम मार्केटने घेतली' हे अर्धसत्यच. असा हमीदार तुमच्याकडे आहे का, हे आधी बघा. आणि मोजमाप! तुलनेला गट, वर्षानुवर्षांचा डेटा, वकील, ऑडिटर, हे सगळं लहान नगरपालिकेला झेपत नाही हो.

दुसरा रस्ता छोट्या टीमचा. बोस्टनच्या महापौर कार्यालयात 2010 पासून न्यू अर्बन मेकॅनिक्स नावाची टीम आहे, तिचं काम म्हणजे छोटे प्रयोग करणं आणि फसले तर सोडून देणं. त्यांचं स्ट्रीट बंप अ‍ॅप गाडीतल्या मोबाईलला बसणाऱ्या धक्क्यांवरून खड्डे शोधायचं, तर निघालं काय, की खड्ड्यांपेक्षा रस्त्यात खचलेली मॅनहोलची झाकणंच जास्त त्रास देतायत! खड्ड्यांच्या तक्रारींची यादी वाचून हे कधी कळलं असतं? कच्चा दुवा एकच, महापौर बदलला आणि नव्या माणसाला रस नसला की अशा टीमचा कोपरा पहिला रिकामा होतो.

तिसरा रस्ता, लोकांनी बजेट ठरवायची पद्धत, ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेने 1989 ला सुरू केली. पाणी, गटार, रस्ते, कुठल्या वस्तीत आधी हे ठरवायला उत्तम. पण माणूस पाहिलेल्या गोष्टीलाच मत देतो, त्यामुळे अगदी नवीन कल्पना यातून क्वचितच येते. लोकांचा विश्वास कमवायचा असेल तर मात्र हीच घ्या.

मला विचाराल तर बजेट तुटपुंजं असेल तर छोटी टीम, बाँड तेव्हाच जेव्हा रिझल्ट एका आकड्यात मोजता येतो. आणि काहीही निवडा, त्याआधी टेंडरच्या अटी बघा, कारण 'मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि अशाच कामाचा अनुभव' ही ओळ असली की नवी संस्था दारातच अडकते, आणि ती ओळ शिथिल करून घेतली तरी अकाउंट्सवाले विचारणारच, 'साहेब, हा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा?' ते हेड, म्हणजे खर्च नोंदवायचं खातं, बजेट मंजूर व्हायच्या आधीच उघडून ठेवा.