जुन्या येझदीचा ‘मूळ’ चेन-स्प्रॉकेट संच आणि माझे गेलेले 16,250 रुपये

जुन्या येझदी मोटारसायकलसाठी ‘गोदामात पडून राहिलेला, न वापरलेला मूळ माल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रे) यांच्या संचापायी माझे 16,250 रुपये गेले. त्याहून मोठे नुकसान असे की, गाडीसोबत कारखान्यातून आलेली खरी स्प्रॉकेट त्याच व्यवहारात माझ्याकडून काढून घेतली गेली, आणि ती आता कोणत्याही किमतीला परत मिळणार नाहीत. हे चारचौघांत सांगताना लाज वाटते, परंतु तोच विक्रेता आज दुसऱ्या नावाने तसाच माल विकत असल्यामुळे गप्प बसणे मला पटत नाही.

स्वस्ताच्या मोहाने मी फसलो, असे कृपया कोणी म्हणू नये. जुनी येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. 2022 मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आले, पण ती पाण्याने थंड होणारी चार-स्ट्रोक गाडी आहे आणि तिचे इंजिनाचे भाग आपल्या दोन-स्ट्रोक गाड्यांना लागत नाहीत. त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकापुढे दोनच वाटा उरतात: बाजारातील नकली भाग, किंवा एखाद्या बंद दुकानाच्या माळ्यावर सापडलेला जुना साठा. असा साठा खरोखरच अधूनमधून सापडतो, मी स्वतः पूर्वी तो घेतलेला आहे, आणि या विक्रेत्यांचा सगळा धंदा त्या एका सत्यावर उभा असतो. मी बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजले ते याच कारणाने, की घाटरस्त्याच्या प्रवासाला निघताना गाडीला चांगला माल असावा.

प्रवास कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जाण्याचा होता. चेन आवाज करू लागली होती आणि मागचे चाक ओढूनही ढील पुरती निघत नव्हती. जुन्या मोटारसायकलींच्या हौशी लोकांच्या एका समूहात या विक्रेत्याने पुढचे स्प्रॉकेट, मागचे स्प्रॉकेट आणि चेन अशा संचाची चित्रफीत टाकली होती. किंमत 6,850 रुपये. त्यातील 4,000 रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले आणि उरलेले 2,850 रुपये त्याच्या दुकानात माल हातात आल्यावर, तेही यूपीआयनेच. बिल मागितले तेव्हा ‘जुन्या मालाला बिल कुठून येणार’ असे उत्तर मिळाले. या वाक्यात काहीही तथ्य नाही. माल जुना असला तरी विक्री आजची असते, आणि विकणाऱ्याने बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. बिल नाही तर पैसे नाहीत, एवढे सांगून तिथेच उठावे.

आता त्या क्षणाबद्दल, जो आठवला की अजून डोके तापते. मागचे स्प्रॉकेट ज्या पुड्यात होते त्याचा कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या, त्यावर तेलाचे डाग, आणि एका कोपऱ्यात किमतीची लहान चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर किमतीच्या आधी ₹ हे चिन्ह छापलेले होते. हे चिन्ह सरकारने 2010 साली स्वीकारले. ज्या कारखान्याचे दरवाजे 1996 मध्ये बंद झाले, त्याच्या पुड्यावर ते असणे शक्यच नाही. ती चिठ्ठी माझ्या हातात होती, मी ती वाचली, किंमत पाहिली आणि पुडा खाली ठेवला. विक्रेत्याने त्याच वेळी मला चेनची लवचीकता दाखवायला घेतली होती, दुकानात अंधार होता, आणि मुळात कोणताही माणूस सुट्या भागाच्या पुड्यावर इतिहासाचे पुरावे शोधत बसत नाही. पण ते चिन्ह तिथे होते, डोळ्यांसमोर होते. त्याने कागद जुना करण्याचे एवढे कष्ट घेतले आणि चिठ्ठी मात्र आजच्या यंत्रावर छापली, आणि तरीही त्याचे काम झाले, हे मला सहन होत नाही. पुड्याचा प्रत्येक छापील शब्द वाचा. पुड्याचे छायाचित्र काढून घरी निवांत वाचा आणि मगच पैसे द्या.

बसवणीसाठी त्यानेच एक मेकॅनिक सुचवला. मजुरी 900 रुपये, त्यातून जुन्या भंगाराचे 350 वजा, म्हणजे 550 रुपये. हा वजावटीचा डाव नीट समजून घ्या. माझी जुनी स्प्रॉकेट झिजलेली होती हे खरे, पण दाते अजून फारसे वाकडे झालेले नव्हते आणि पोलाद कारखान्याचे होते. केवळ नवी चेन टाकून गाडी बरेच दिवस चालली असती. त्या मेकॅनिकने झीज दाखवून ‘हे आता भंगारच’ असे ठासून सांगितले आणि उचलून आत नेले. पुढे त्याच विक्रेत्याच्या नव्या जाहिरातीत एक मागचे स्प्रॉकेट चकाकताना दिसले. त्याच्या बाजूवर छिन्नीच्या त्याच दोन समांतर खुणा होत्या, ज्या माझ्या गाडीच्या जुन्या मेकॅनिकने खोलताना पाडल्या होत्या. जुना भाग कितीही झिजलेला असो, तो पिशवीत घालून घरी न्यावा. तीनशे-चारशे रुपयांच्या वजावटीसाठी तो सोडू नये.

मलकापूर मागे पडल्यावर, घाट लागण्याच्या आधी, चेन तुटली. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली आणि तिने इंजिनाच्या केसिंगला (बाहेरच्या कवचाला) तडा पाडला. हे घाटात उतारावर घडले असते तर मागचे चाक जागीच आवळले जाण्याचाही धोका होता. गाडी टेम्पोत घालून परत आणायला 3,200 रुपये आणि केसिंगचे वेल्डिंग व मशिनिंग करायला 5,650 रुपये लागले. नंतर घेतलेल्या दुसऱ्या संचाचे पैसे मी या हिशेबात धरलेलेच नाहीत.

खोलल्यावर जे निघाले ते येथे सविस्तर लिहितो, कारण येझदीची चेन बंद कव्हरात असते आणि एकदा बसवली की काही दिसत नाही. चेनमध्ये एकाऐवजी दोन लॉक (चेनची दोन टोके जोडणाऱ्या कड्या) होते, म्हणजे दोन जुन्या चेनचे तुकडे जोडून ती केलेली होती. नव्या चेनला एकच लॉक असतो, आणि त्याच्या क्लिपचे बंद टोक चेन धावण्याच्या दिशेला लागते. माझ्या चेनचा एक लॉक उलटा बसवलेला होता. ही चेन अर्ध्या इंचाच्या पिचची, म्हणजे एका कडीचे अंतर 12.7 मिलिमीटर. वीस कड्यांचे अंतर 254 मिलिमीटर भरले पाहिजे, आणि 259 च्या पुढे गेले तर ती चेन टाकून द्यायची असते. माझ्या ‘न वापरलेल्या’ चेनचे अंतर 261 भरले. कड्यांच्या सांध्यातील पिना आणि त्यांभोवतीच्या नळ्या (बुश) आतून झिजल्यामुळे ही लांबी वाढते, आणि त्यातला खुळखुळा जाड ग्रीसमध्ये बुडवून लपवता येतो. म्हणून चेन आधी डिझेलमध्ये धुवायला लावा आणि मग पट्टीने ताणून मोजा. मागच्या स्प्रॉकेटचे झिजलेले दाते वेल्डिंगने भरून, घासून, वर मुलामा दिलेला होता. भरलेल्या धातूला पाणी दिलेले (तापवून झटकन थंड करून कडक केलेले) नसल्यामुळे दाते थोड्याच अंतरात हुकासारखे वाकले. दात्याच्या कडेवर कानस फिरवून पाहावी. पाणी दिलेल्या पोलादावर ती घसरते आणि मऊ धातूत लगेच रुतते.

हे सगळे घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. व्यवहाराचे पुरावे, दोन लॉकची चेन, चिठ्ठीचे छायाचित्र, छिन्नीच्या खुणांची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी. मला सांगण्यात आले की माल मिळालेला आहे, म्हणजे हा दिवाणी वाद आहे. मी विचारले की झिजलेला माल नवा म्हणून, खोट्या पुड्यात घालून विकणे ही फसवणूक नाही तर काय आहे. उत्तर आले की पैसे यूपीआयने गेले असल्यामुळे सायबर विभागाकडे जावे. सायबर विभागाने सांगितले की पैसे मी स्वतःच्या इच्छेने पाठवले आणि माल समोरासमोर घेतला, त्यामुळे हा सायबर गुन्हा होत नाही, पोलीस ठाण्यातच जावे. बँकेचेही उत्तर तेच, की व्यवहार ग्राहकाने मंजूर केलेला असल्याने परतावा देता येत नाही. पुन्हा पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा पहिले अधिकारी रजेवर होते, आणि दुसऱ्यांनी चेन हातात घेऊन, ‘जुनी गाडी म्हटल्यावर हे होणारच’ असे म्हणून ती टेबलावर परत टाकली. माझ्या कागदांना हातही लावला नाही. एका सहीचा, एका पोचपावतीचा प्रश्न होता. ती देण्यास नकार देणाऱ्याला नकाराचे कारण लिहून द्यावे लागत नाही, आणि नागरिकाला मात्र प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणायला लावतात. ज्या समूहात जाहिरात होती तेथील चालकांनी विक्रेत्याला काढण्याऐवजी माझी तक्रार काढून टाकली, ‘वातावरण बिघडते’ या कारणाने.

फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. हे मला ठाण्यात कोणी सांगितले नाही, स्वतः शोधावे लागले. ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी अधीक्षकांना टपाल पाठवले आहे आणि आयोगाकडील तक्रार तयार करत आहे. पैसे पाठवल्यावर माल आलाच नाही, तर मात्र एक तासही न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

विक्रेत्याची नवी जाहिरात आता फक्त मागच्या स्प्रॉकेटची आहे, किंमत 3,400 रुपये, आणि चित्रफितीत स्प्रॉकेटची एकच बाजू दाखवली आहे. कोणी घ्यायला जाणार असेल तर दुसरी बाजू दाखवायला सांगावी, सोबत कानस न्यावी आणि बिलावर ‘न वापरलेला’ हे शब्द लिहून मागावेत.