डॉइचलांड तिकीट : हळू गाड्यांचा पास, आठ महिने वापरल्यानंतर

जर्मनीत फ्रायबुर्गला मास्टर्सला येणाऱ्या ज्युनियर्सचे सारखे मेसेज येतात, ताई डॉइचलांड तिकीट घेऊ का, पैसे वसूल होतात का. प्रत्येकीला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. घ्या. पण मी घ्या म्हणतेय ते पैशासाठी नाही.

आधी कामाचं सांगून टाकते. हा महिन्याचा पास आहे, १ मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झाला, मी २०२५ मधे घेतला तेव्हा ५८ होता आणि जानेवारी २०२६ पासून ६३ झालाय. यात अख्ख्या जर्मनीतल्या ट्राम, सिटी बस, मेट्रो, एस-बान (म्हणजे लोकल) आणि रिजनल गाड्या येतात. आयसीई, आयसी वगैरे फास्ट गाड्या येत नाहीत. कागदी तिकीट नसतं, फोनवर नाहीतर कार्डवर असतं, तुमच्या नावावर असतं त्यामुळे आयडी जवळ ठेवा. आणि बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कटणार म्हणजे कटणार. बाडेन-व्युर्टेमबर्गमधे (फ्रायबुर्ग ज्यात येतं ते राज्य) २७ च्या आतल्या विद्यार्थ्यांना स्वस्तातलं वेगळं तिकीट मिळतं, ते आधी बघा, माझं वय त्याच्या वर गेलं म्हणून मी हे पूर्ण किमतीचं घेतलं.

आता खरं सांगायचंय ते. मी हिंजवडीत चार वर्षं नोकरी करून इथे आले आणि येताना तोच स्पीड बरोबर घेऊन आले. पहिल्या सेमिस्टरला पूर्ण ३० क्रेडिट्स, वर पार्ट टाइम जॉब, वर जर्मनचा क्लास, दोन मिनिटांवर दुसरी ट्राम असताना पहिलीच्या मागे पळायचं. लॅबमधले बाकीचे पाच वाजता लॅपटॉप मिटून 'फायरआबेंड' म्हणून निघायचे (म्हणजे आजचं काम संपलं, आता उरलेली संध्याकाळ आपली) आणि मला वाटायचं यांना काही पडलेलीच नाही. रविवार तर मला खायला उठायचा, सगळी दुकानं बंद, मेलला उत्तर नाही. नंतर कळलं की रविवारची सुट्टी इथे १९१९ च्या राज्यघटनेत लिहिली होती आणि तेच कलम आजच्या घटनेतही ठेवलंय.

पास घेतला तो फक्त फ्रँकफर्टच्या मैत्रिणीकडे स्वस्तात जाता यावं म्हणून. आयसीईने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, रिजनल गाड्यांनी बदलत बदलत चारच्या वर. पहिल्यांदा गेले तेव्हा सारखं घड्याळ बघत होते, लॅपटॉप उघडून पेपर वाचायचा प्रयत्न केला, एक पान झालं नाही, वैतागले होते नुसती. पण महिन्याचे पैसे तर भरलेले, म्हणून पुढच्या रविवारी जवळच कुठेतरी जाऊया म्हटलं आणि टिटिझेची (डोंगरातलं तळ्याकाठचं गाव) गाडी पकडली, आणि तिथे माझं काहीतरी बदललं.

फ्रायबुर्गहून निघालं की अर्ध्या तासाच्या आत हिमेलराइख नावाचं स्टेशन येतं, अर्थ स्वर्गाचं राज्य, आणि ते सोडलं की लगेच ह्योलेनटाल, म्हणजे नरकाची दरी. दोन्ही बाजूंनी कडे इतके जवळ येतात की डब्यात अंधारून येतं. हा मार्ग १८८७ चा, पुढचा चढ इतका खडा की १९३३ पर्यंत तिथे गाडी दातेरी रुळावरून चढवायचे. आपला खंडाळ्याचा घाट ३७ ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ), हा साधारण १८ ला १, म्हणजे जवळपास दुप्पट खडा! मग राव्हेन्नाचा दगडी पूल लागतो, आणि एकदम वर हिंटरझार्टनला मोकळं कुरण, गायी, ऊन. घाट चढून पाचगणीला टेबललँडवर आल्यावर वाटतं ना, तसंच. मी वाईची आहे, मला ते लगेच ओळखीचं वाटलं. त्या दिवशी फोन पिशवीतच राहिला, तास-दीड तास मी नुसती खिडकीतून बघत होते आणि काही चुकतंय असं वाटलं नाही, जे गेल्या पाच वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

त्यानंतर रविवार म्हणजे गाडी. एकदा त्याच रस्त्याने पुढे डोनाउएशिंगेनला गेले. तिथे ब्रिगाख आणि ब्रेग या दोन लहान नद्या मिळतात आणि तिथून पुढे ती डोनाउ, म्हणजे डॅन्यूब, थेट काळ्या समुद्रापर्यंत २,८०० किलोमीटरच्या वर जाते. गावात एक बांधलेलं कुंड आहे, तेच उगम म्हणून दाखवतात. मला महाबळेश्वरचं गोमुख आठवलं, आणि आमच्या घाटावरून जाणारी कृष्णा. कठड्याला टेकून तासभर बसले. आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणाली, "किती दिवसांनी तुला बसलेली बघतेय."

दुसऱ्या सेमिस्टरला मी दोन विषय पुढे ढकलले. चार सेमिस्टरचा कोर्स पाच-सहात करणारे इथे भरपूर आहेत, मार्कशीटवर तो डाग नसतो, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून तुम्हाला सांगतेय (व्हिसाची मुदत आणि बँकेतले पैसे यांचं गणित मात्र आधी नीट करा, घरून लोन असेल तर जास्तच). जे विषय ठेवले ते खरंच समजले, सिनॉप्सिस पाठ करून नाही.

तक्रारी आहेत. चांगलं ऊन पडलेला शनिवार-रविवार असेल तर डब्यात उभं राहायला जागा नसते. सायकलला साधारणपणे वेगळं तिकीट लागतं. एकदा गाडी उशिरा आली, पुढची सुटली आणि नोव्हेंबरच्या थंडीत एका लहानशा स्टेशनवर पाऊण तास उभी होते, वेटिंग रूमला कुलूप, तेव्हा खूप चिडले होते आणि अजूनही वाटतं की तिथे बसायला आडोसा हवाच. परीक्षेला, इंटरव्ह्यूला, एअरपोर्टला या पासवर अवलंबून जाऊ नका, वेगळे पैसे टाका नाहीतर दोन गाड्या आधी निघा. आणि ६३ युरो विद्यार्थ्याला कमी नाहीत, गावातल्या गावात सायकलवर भागत असेल तर दर महिन्याला घेऊ नका, मोकळ्या महिन्यात घ्या.

पाचपैकी साडेचार. जूनमधे आई येतेय, तिचाही एक महिन्याचा काढणार आहे. आणि हो, रविवारी निघणार असाल तर खायचं शनिवारीच आणून ठेवा, मी थालीपिठं करून घेते, ती दिवसभर मऊ राहतात.