प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया : तुरुंगातल्या शिक्षणावर संशोधन करताना किती कामाला येतो?

गुन्हेशास्त्रात एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्याला हा अहवाल उघडावाच लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) १९९५ पासून तो काढतोय आणि संकेतस्थळावर फुकट मिळतो. देशभरातल्या तुरुंगांची माहिती इतकी एकत्र दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून त्याचं मोल मोठं.

२०२२च्या अंकात १,३३० कारागृहं, क्षमता ४,३६,२६६ आणि बंदी, म्हणजे कैदी, ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. चारांत तीन! शिक्षणावर लिहिणार असाल तर सुरुवात इथूनच करा. जामीन उद्या होईल की दोन वर्षांनी, हेच ठाऊक नसलेल्या माणसाला तीन वर्षांच्या पदवीला बसवायचं कसं, हा तुरुंगातल्या शिक्षणाचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

शिक्षणाचे तक्ते मात्र जपून वापरा. एका ठिकाणी बंदी किती शिकलेले आहेत ते येतं: निरक्षर, दहावीच्या खालचे, दहावी झालेले पण पदवी नसलेले, पदवीधर वगैरे. ही मोजणी ३१ डिसेंबर या एका दिवसाची. पुनर्वसनाच्या प्रकरणात वर्षभरात प्रौढ शिक्षण, उच्च शिक्षण, संगणक वर्ग यांचा लाभ घेतलेल्यांची संख्या येते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून ‘इतके टक्के निरक्षर साक्षर झाले’ असं लिहिलंत की प्रबंध तिथेच कोसळतो. मार्चमध्ये आत आलेला, बाराखडी गिरवून जूनमध्ये सुटलेला माणूस दुसऱ्या तक्त्यात आहे, पहिल्यात नाही. शिवाय वर्गात बसले किती ते कळतं, पण परीक्षा पास झाले किती, हे त्यावरून ठरत नाही.

तळटीपा न वाचता बेरीज करू नका. काही राज्यं काही तक्त्यांची माहिती पाठवतच नाहीत, आणि मग देशाची बेरीज तेवढी तोकडी पडते.

अहवाल उशिरा येतो ही तक्रार रास्तच आहे. २०२२चा अंक डिसेंबर २०२३ मध्ये आला. येरवडा किंवा नागपूर अशा एकाच कारागृहावर काम करायचं असेल तर राज्यवार आकड्यांनी भागणार नाही. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, पास किती, मधेच सुटले किंवा दुसऱ्या तुरुंगात हलवले किती, हे वर्षवार माहिती अधिकारात मागवा. न्यायाधीन आणि सिद्धदोष (गुन्हा शाबीत झालेल्या) बंद्यांची संख्या वेगळी मागायला विसरू नका.