राइस कुकर घ्यावा का? उकड्यापासून काळ्या तांदळापर्यंत सगळे शिजवून बघितले

गोव्यात राहताय, घरात रोज उकड्याचा भात नि पेज लागते आणि इलेक्ट्रिक राइस कुकर घ्यायचा विचार चाललाय, तर आधी हे वाचा. बासमती, आंबेमोहर, घनसाळ असले सुरय (म्हणजे न उकडलेले) तांदूळ तुमच्याकडे जास्त होत असतील तर बिनधास्त घ्या, पैसे वसूल होतात. उकड्यासाठी मात्र घेऊ नका.

आमच्याकडे आहे तो साधा, १.८ लिटरचा, एकच खटका, अल्युमिनियमचं भांडं आणि वर काचेचं झाकण, दोन-अडीच हजारांत मिळतो तसला. कंपनी कुठलीही असो, ह्या प्रकारातले कुकर आतून सारखेच चालतात. भांड्याच्या बुडाला मधोमध एक स्प्रिंगवाली चकती टेकलेली असते, तिच्यात लोहचुंबक असतो, भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, तांदळाने सगळं पाणी पिऊन टाकलं की बूड भराभर तापायला लागतं, त्या उष्णतेने चुंबकाची पकड सुटते आणि खटका टक करून वर येतो. म्हणजे भात शिजला की नाही हे त्याला कळत नाही, पाणी आटलं एवढंच कळतं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला तांदूळ यात जमणार नि कुठला नाही हे आपलं आपल्यालाच सांगता येतं.

आता उकडा. भात (म्हणजे साळ) भिजवून, तुसासकट वाफवून, वाळवून मग कांडतात, त्यामुळे दाणा आतपर्यंत घट्ट होतो आणि शिजायला वेळ नि पाणी दोन्ही भरपूर मागतो. आपण तो कसा करतो, मोठ्या टोपात पाण्याला खळखळून आधण आणायचं, धुतलेले तांदूळ सोडायचे, पाऊण तास निवांत शिजू द्यायचं, दाणा बोटात दाबून बघायचा आणि मग निवळ (म्हणजे भाताचं दाटसर पाणी) गाळून घ्यायची. कुकरमध्ये पाणी जास्त घातलं तर झाकणाच्या भोकातून फेस येऊन ओट्यावर चिकट ओघळ, कमी घातलं तर खटका आधीच वर येतो आणि दाण्याच्या मध्ये कणी तशीच राहते. रात्रभर भिजवून, एकाला साडेतीन पाणी घालून, खटका वर आल्यावर पुन्हा अर्धा कप गरम पाणी ओतून परत लावला तर भात शिजतो, खोटं नाही बोलणार, पण निवळ कुठाय? आमच्याकडे दहा-अकराला पेज, बरोबर आंब्याचं तोर (मिठात मुरवलेली कैरी) नाहीतर खारं (सुकी मासळी), हे चुकत नाही, आणि सासूबाईंनी वाटीत घेऊन बघितल्यावर एवढंच म्हटलं की ही पेज नव्हे गं, हा पातळ केलेला भात. बरोबरच होतं त्यांचं. पेजेला जो घट्टपणा येतो तो दाणा मोकळ्या पाण्यात हळूहळू सुटल्याने येतो, तयार भातात वरून पाणी घालून येत नाही.

त्यातही कोरगुट असेल तर अजिबात नको. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाला तर मी सोडत नाही, जाड दाणा, अंगावर लालसर साल, आणि चव अशी की नुसतं मीठ घालून पेज प्यावी. खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या खाऱ्या मातीत तग धरणारा हा आपला जुना वाण, जुन्या गोव्याजवळ एला इथल्या कृषी संशोधन केंद्राने ह्याच्यातूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ काढले. हल्ली कोरगुट लावणारे कमी झालेत, मिळतो तेव्हा महाग मिळतो, असला तांदूळ यंत्रात अर्धाकच्चा करून वाया घालवायला जीव होत नाही. त्याला मातीचं मडकं नाहीतर जाड बुडाचा टोपच हवा.

यात कुकरचा दोष असा नाही. १९५५ साली जपानात तोशिबाने ऑटोमॅटिक राइस कुकर बाजारात आणला तो तिथल्या आखूड चिकट तांदळासाठी, जो मोजून पाणी घालून तेवढंच मुरवायचं असतं. म्हणून त्या धर्तीचा तांदूळ दिला की हा कुकर कमाल करतो.

आंबेमोहर बघा. वीस मिनिटं भिजवायचा, एकाला दोन पाणी, खटका वर आला की झाकण न उघडता दहा मिनिटं तसाच ठेवायचा. झाकण काढल्यावर जो वास येतो ना, अख्ख्या घराला कळतं. भात मऊ, एकमेकाला धरून, पण गिचका नाही, वरणभात तुपाला ह्याच्यासारखा नाही. घनसाळ त्याहून मला आवडतो, आजऱ्याचा, २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला, आंबोलीमार्गे कोण येत असलं की हमखास मागवते. दाणा बारीक, पाणी किंचित कमी, एकाला पावणेदोन पुरतं. आपल्या सोलकढीबरोबर खाऊन बघा.

बासमतीला अर्धा तास भिजवून एकाला दीड. चवथीला घरात वीस माणसं असतात, गॅसवर खतखते नि वडे चाललेले, तेव्हा पुलावाचा तांदूळ एका कोपऱ्यात आपोआप मोकळा मोकळा होऊन बसतो ही सोय खरंच मोठी आहे.

मणिपूरचा काळा तांदूळ, चाक-हाओ, २०२० मध्ये जीआय मिळालेला, तो पण केला. रात्रभर भिजत घालायलाच हवा, सकाळी पाणी गर्द जांभळं होतं, ते फेकू नका, त्यातच शिजवा. एकाला अडीच. त्याची नारळाचा रस आणि माडाचा गूळ घालून खीर केली, मणगण्याच्या (आपली चणाडाळीची खीर) वळणावर, रंग असा सुंदर आला की मुलांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. हा तांदूळ गॅसवर सारखा बघत बसावं लागतं, कुकरमध्ये नाही.

एक सांगते, बॉक्समध्ये प्लॅस्टिकचा कप येतो तो साधारण १८० मिलीचा असतो, आपली घरातली वाटी वेगळी, त्यामुळे तांदूळ त्या कपाने नि पाणी वाटीने असं केलंत तर सगळं गणित बिघडतं. एकाच मापाने दोन्ही घ्या. पावसात लाईट गेली तर खटका दाबलेलाच राहतो, परत आली की पुढे चालू होतो, हे आपल्याकडे महत्त्वाचं. वॉर्मवर मात्र तास-दीड तासाच्या वर ठेवू नका, खालचा थर सुकून कडक होतो आणि आंबेमोहराचा तर वासच जातो.

घेणार असाल तर नॉनस्टिकपेक्षा साधं अल्युमिनियमचं किंवा स्टीलचं भांडं बघून घ्या, नॉनस्टिकला लवकर ओरखडे पडतात. आणि घरात चार माणसं असतील तर १.८ लिटर पुरतो, एक लिटरचा घेतलात तर बासमती फुगून झाकणाला लागतो.