डीएचआयएस-२ घ्यावं की सोरमास?

एखाद्या गरीब देशाच्या आरोग्य खात्यासाठी साथरोगांची डिजिटल प्रणाली निवडायचं काम तुमच्या गळ्यात पडलं, तर फिरून फिरून दोन नावं समोर येतात. एक ऑस्लो विद्यापीठाचं डीएचआयएस-२, दुसरं जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या हेल्महोल्ट्झ संशोधन केंद्रातून निघालेलं सोरमास. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही अँड्रॉइडवर चालणारी. नेट गेलं तरी नोंद फोनमध्ये राहते, रेंज आली की वर जाते. इथवर डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

फरक जन्मातला आहे. डीएचआयएस वाढलं १९९०च्या दशकात, वर्णभेद संपलेल्या दक्षिण आफ्रिकेत. कुठल्या केंद्रात किती बाळंतपणं, किती लसी, किती हिवताप, असे महिन्याचे आकडे जमवायला. सोरमास आलं नायजेरियातल्या इबोलातून. जुलै २०१४ मध्ये लागोसच्या विमानतळावर एक आजारी प्रवासी उतरला. त्याच्यासह २० जणांना लागण झाली, ८ दगावले. संपर्कातल्या ८९४ माणसांच्या मागे राहायला आरोग्यसेवकांना सुमारे १८,५०० भेटी द्याव्या लागल्या. इबोलात संपर्कातल्या माणसावर २१ दिवस नजर ठेवावी लागते, म्हणून हा आकडा एवढा फुगतो.

त्यामुळे सोरमासच्या केंद्रस्थानी आकडा नसून माणूस आहे. आज कुणाचा ताप बघायचा राहिला, कुणाचा नमुना प्रयोगशाळेत अडकला, ही कामं त्या-त्या कर्मचाऱ्याच्या टॅबवर येऊन पडतात. आजारांचे फॉर्मही तयार मिळतात. २०१७ मध्ये नायजेरियात मंकीपॉक्स उपटला तेव्हा ते कामाला लावलं गेलं.

डीएचआयएस-२ मध्येही ट्रॅकर वापरून एकेका रुग्णाचा माग ठेवता येतो, पण फॉर्म आणि नियम तुम्हालाच बांधावे लागतात. श्रीलंकेने ते जानेवारी २०२० मध्येच, परदेशातून येणाऱ्या प्रवाशांसाठी, करून दाखवलं. ते जमलं, कारण ही प्रणाली आधीपासून हाताळणारे, माहितीशास्त्र शिकलेले डॉक्टर तिथे घरचेच होते. अशी माणसं नसतील तर ट्रॅकर म्हणजे विटा-सिमेंट आणून टाकलंय आणि गवंडी नाही, अशी गत.

एक बारीक गोष्ट विक्रीच्या सादरीकरणात कुणी दाखवत नाही. आपल्याकडे २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासूनचे एस, पी आणि एल फॉर्म (संशयित, डॉक्टरांनी निदान केलेले आणि प्रयोगशाळेत तपासलेले रुग्ण नोंदवायचे) ज्यांनी भरलेत त्यांना कोरा रकाना आणि ‘निरंक’ यांतला फरक सांगावा लागत नाही. निरंक म्हणजे बघितलं, रुग्ण नाही. कोरा म्हणजे बघितलं की नाही, देव जाणे. डीएचआयएस-२ मध्ये शून्य साठवायचं की नाही, ही प्रत्येक माहितीघटकासाठी, म्हणजे प्रत्येक रकान्यासाठी, वेगळी खूण असते. ती केली नाही, तर नर्सने मन लावून भरलेलं शून्य गायब होतं आणि जिल्ह्याला दिसतो तो कोरा रकाना. ही खूण आठवणीने करून घ्या.

‘फुकट’ या शब्दावर जाऊ नका. परवाना फुकट आहे. सर्व्हर, टॅब, सिमकार्ड, प्रशिक्षण आणि चार माणसांचे पगार फुकट नाहीत. युगांडात देणगीदारांचे डिजिटल आरोग्याचे एवढे प्रायोगिक प्रकल्प साचले की जानेवारी २०१२ मध्ये आरोग्य खात्याला सगळेच थांबवावे लागले.

माझं मत विचाराल तर, देशात महिन्याचे आकडे आधीच डीएचआयएस-२ वर जात असतील (आणि अशा देशांची संख्या ७०च्या वर आहे), तर साथरोगांचं कामही त्यावरच उभारा. रोज हाताखालची प्रणालीच साथीच्या धावपळीत वापरली जाते. सोरमास घ्यावं ते सर्वेक्षणाचा स्वतंत्र, कणखर विभाग असेल तिथे. जागतिक आरोग्य संघटनेचं गो-डेटा हे तिसरं नाव कानावर येईल. एका उद्रेकात संपर्क शोधायला ते चांगलं, बारमाही सर्वेक्षणासाठी नव्हे.

दोन्ही घ्यायची हौस असेल, तर एकच रुग्ण दोनदा कोण भरणार ते आधी ठरवा. कोविडमध्ये सोरमास खुद्द जर्मनीत आणलं गेलं, तेव्हा तिथल्या अनेक आरोग्य कार्यालयांनी आपलं जुनं सॉफ्टवेअर सोडायला नकार दिला होता.