लंडनमध्ये मास्टर्स: दोन टर्म झाल्यावरचा अनुभव

सप्टेंबरमधला उत्साह आणि डिसेंबरमधलं रडगाणं दोन्ही ओसरलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आपल्या रंगाच्या मुलीला तिथे कसं वाटतं, त्रास होतो का, हे सगळ्याजणी विचारतात म्हणून मुख्यतः त्यावरच लिहितेय.

रस्त्यावर लंडनला माझ्याकडून जवळजवळ पूर्ण मार्क. कोणी वळूनसुद्धा बघत नाही. 2021च्या जनगणनेत इथले साधारण 46 टक्के लोक गोरे नसलेले निघाले, आणि ते ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलं की दिसतंच. ईस्ट हॅम किंवा साउथॉल अशा आपल्याकडच्या लोकांच्या वस्तीत गेलं तर आपण अगदीच सामान्य दिसतो. आयुष्यभर "हिचा रंग जरा दबकाच" ऐकलेल्या मुलीला कोणाच्या खिजगणतीत नसणं किती सुखाचं असतं ते मला इथे येऊन कळलं.

खरी गंमत वर्गात आहे. आमच्या सेमिनारमध्ये ब्राउन मुली दोनच, मी आणि एक श्रीलंकन, ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस बॉयकट, तरी ट्यूटर तिला माझ्या नावाने आणि मला तिच्या नावाने हाक मारायचा, आणि हे पहिल्या आठवड्यात नाही, फेब्रुवारीतसुद्धा! एकदा तर तिच्या निबंधाचा फीडबॅक मला ऐकवला. शिवाय गरिबीचा विषय निघाला की सगळ्या माना आमच्याकडे, जणू आम्ही दोघी मिळून अख्ख्या दक्षिण आशियाच्या प्रवक्त्या. कोणी वाईट बोलत नाही हो, म्हणूनच तक्रार काय करायची तेच कळत नाही. शेवटी आम्ही कोर्सच्या विद्यार्थी प्रतिनिधीला सांगितलं, तिने मीटिंगमध्ये कोणाचं नाव न घेता मांडलं, आता नावं बरोबर येतात पण ट्यूटर जरा अवघडलेला असतो, असू दे. प्रकरण गंभीर असेल तर 2010चा इक्वॅलिटी ॲक्ट, म्हणजे भेदभावाविरुद्धचा कायदा, आहे, त्यात युनिव्हर्सिटीही येते. फक्त निनावी रिपोर्ट केला तर बहुतेक ठिकाणी नोंदीपलीकडे फार काही होत नाही, हे आधी माहीत असू दे.

रूम शोधणं मात्र वैताग. मी फोन केला की रूम गेलेली असायची, तीच रूम इंग्रजी नावाच्या मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी बघायला मिळाली. सिद्ध काय करणार, डोंबल! त्यात यूकेमधला गॅरेंटर, म्हणजे भाडं थकलं तर भरणारा हमीदार, मागतात, तो आपण आणायचा कुठून? डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, जास्त मागितलं तर कायदा दाखवायचा, मी दाखवला, गप्प बसले.

रात्रीच्या प्रवासाची मला वाटली होती तेवढी भीती नाही. नाइट ट्यूब शुक्रवार-शनिवारच, तीही मोजक्या लाइनवर, बाकी दिवस नाइट बस, आणि उशीर झाला की मी वरच्या मजल्यावर चढत नाही, खाली ड्रायव्हरजवळ बसते. ट्रेनमध्ये कोणी त्रास दिला तर 61016 वर ट्रान्सपोर्ट पोलिसांना मेसेज करता येतो, फोनवर बोलावं लागत नाही. नंबर आत्ताच सेव्ह करा.

आणि हो, हिवाळा. डिसेंबरमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो. आपल्या गडद त्वचेला इथलं ऊन पुरत नाही, म्हणून एनएचएसच (इथली सरकारी आरोग्यसेवा) सांगते की दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायचा विचार करावा. आमच्या ओरिएंटेशनला हे कोणी बोललं नाही, मी जानेवारीपर्यंत थकव्याचं खापर असाइनमेंटवर फोडत होते. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी पहिल्याच आठवड्यात करून टाका, त्याचे पैसे लागत नाहीत, व्हिसाबरोबर वर्षाला 776 पौंड हेल्थ सरचार्ज भरलेलाच असतो ना.

फाउंडेशनचा शेड सहज मिळतो, विषय संपला.

आता डिझर्टेशनचा सुपरवायझर निवडायचाय. ज्याच्या पहिल्या मेलमध्ये माझं नाव बरोबर लिहिलेलं असेल त्यालाच घेणार आहे, हसा हवं तर.